हळदीकुंकवाची चौकशी

“आणि त्यांची लबाडी पकडलीस कशी?” केवलनाथांनी विचारलं.

निरंजन शेडबाळे सकाळपासून याच प्रश्नाची वाट पाहत होता. लहानपणी याच मठात केवलनाथांकडे त्याने अक्षरं गिरवली होती. आता तो तालुक्याच्या कचेरीत साहेब झाला होता, आणि गुरूंनी एकदा तरी आपली पाठ थोपटावी अशी त्याची फार इच्छा होती.

निराधार विधवांना सरकारकडून दरमहा मदत मिळते. बाईने दुसरं लग्न केलं की ती बंद होते. लग्न लपवून मदत उचलणाऱ्या बायका आहेत अशी ओरड झाली, आणि चौकशी निरंजनच्या गळ्यात पडली. पडली कसली, त्याने ती हौसेने मागून घेतली.

तो नांदवडी गावात पोचला तो नेमका हळदीकुंकवाच्या दिवशी. देवळाच्या मंडपात बायकांची ही गर्दी. मदत घेणाऱ्या विधवाही त्यात होत्या. कपाळाला कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, एकीच्या केसांत तर गजरासुद्धा. बायकांचा समारंभ, म्हणून साहेब मोठ्या सभ्यपणे फाटकाबाहेर उभे राहिले. तिथूनच त्यांनी फोटो काढले, गल्लीतून एक फेरी मारली, आणि कचेरीत येऊन त्या सगळ्यांची मदत थांबवली.

“नवऱ्यामागे कुंकू कोण लावतं, महाराज? सगळं डोळ्यांना दिसत होतं. विचारायचीही गरज पडली नाही.”

केवलनाथ दगडाने चिंचा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“विचारलं नाहीस...”

“नाही.”

“बरं.”

पाठ काही थोपटली गेली नाही. निरंजन जरा खट्टू झाला.

तेवढ्यात ओसरीच्या पायरीवर एक बाई येऊन टेकली. नांदवडीची रत्नाबाई कुंडले. अधूनमधून मठात येऊन झाडलोट करून जायची. महाराजांच्या पाया पडून ती वर पाहते तो समोर साहेब. तिने झटकन दोन्ही हात पदराखाली घेतले.

निरंजनने तिला ओळखलं. फोटोत ती पुढेच उभी होती.

“बोल,” केवलनाथ म्हणाले.

साहेबांकडे न बघता बाई बोलली.

“महाराज, ह्या बांगड्या काढल्या, कुंकू पुसलं, तर मदत परत चालू हुईल का? सासूबाईंचं औषध थांबलंय.”

“काढ की मग.”

तिने हात बाहेर काढला. एक बांगडी धरून ती पिरगाळू लागली. काचेची बांगडी, अंगठ्याच्या हाडापाशी अडली. कातडी लाल झाली, पण बांगडी निघेना.

केवलनाथांनी हातातला दगड निरंजनपुढे ठेवला.

“घे.”

“महाराज?”

“निघत नाहीत, फोडायलाच हव्यात. हुकूम तुझा आहे. तुझ्याच हाताने होऊ दे.”

बाईने निमूटपणे हात पायरीच्या दगडावर टेकवला आणि तोंड फिरवलं.

निरंजनने दगड उचलला. का उचलला ते त्यालाही कळलं नाही, इतकी त्या मठात आज्ञा पाळायची सवय. हात खांद्याइतका वर गेला... आणि तिथेच राहिला. त्याच्या आईच्या बांगड्या अशाच फोडल्या होत्या. तेव्हा तो दाराआड उभा राहून रडला होता.

दगड त्याने खाली ठेवला.

“बाई... तुम्ही दुसरं लग्न केलंय का?”

रत्नाबाई गर्रकन वळली. इतका वेळ दाबून धरलेलं सगळं तोंडाशी आलं.

“आत्ता इचारताय, साहेब? आमचे मालक गेले तवा नदीवर जावेनं अशाच दगडानं माझ्या बांगड्या फोडल्या. पुढं गावानं ठरवलं, असलं काय करायचं न्हाई. कुणाचं कुंकू पुसायचं न्हाई. तवा सासूबाईंनी सोताच्या हातानं ह्या भरल्या. मला हळदीकुंकवाला त्यांनीच धाडलं. आता त्याच म्हनत्यात, काढ बाई, सरकारला आवडंना.”

ती थांबली. तिला दम लागला होता.

“आन् त्याच दिवशी आमच्या गल्लीत मोकळं कपाळ करून तुमच्यापुढं रडली, तिचा दुसरा नवरा तवा माळ्यावर दडून बसलावता. तिला मातुर पास केलंसा.”

निरंजनला ती बाई आठवली. विटकं लुगडं, मोकळे हात. तिलाही त्याने काही विचारलं नव्हतं. पाहून त्याला कणव आली होती, एवढंच.

त्याची मान खाली गेली. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडं हलकंही वाटलं. चूक केली होती, पण हात वरच थांबला होता.

“महाराज, मी त्या सगळ्यांच्या घरी जातो. आजच. उंबऱ्याच्या आत बसून एकेकीला विचारतो. त्या माळ्यावर दडलेल्याच्या घरीही जातो.” मग तो रत्नाबाईकडे वळला. “बाई, तुमची मदत बंद करायला नको होती. ती मी चालू करतो. बांगड्या राहू द्या.”

रत्नाबाईने डोळे टिपले आणि हात पदराखाली न घेता तसाच मांडीवर ठेवला. मनगटावर जेमतेम दोन-तीन बांगड्या होत्या.

निरंजन गुरूंच्या पाया पडला. आता तरी दोन शब्द सांगतील म्हणून वाकलेलाच राहिला.

केवलनाथ त्याच्या डोक्यावरून पलीकडे, त्या हाताकडे बघत होते...

“रत्ना, एवढ्या थोड्याच का गं भरल्यास?”