सातव्या महिन्याची राजकन्या

एका राज्यात नद्या वळण घेण्याआधी राजाची परवानगी मागत आणि राजवाड्याच्या शिखरावरचे दगडी मोर आभाळ भरून आले की पिसारा फुलवत. त्या राज्याचा राजा अरिंजय. त्याचा शब्द डोंगरही मोडत नसत. परंतु त्याच्या राणीच्या, मृगावतीच्या, उदरी मूल टिकत नव्हते.

दोनदा तिला दिवस गेले होते. पहिला गर्भ तिसऱ्या महिन्यात गळाला, दुसरा पाचव्या महिन्यात. दोन्ही वेळा तळघरातल्या खजिन्यात ठेवलेला सोन्याचा पाळणा, नऊ माणके जडवलेला, आपोआप झुलू लागला आणि राणीची कूस रिकामी झाल्यावरच थांबला. दरबारात यावर कोणी बोलले नाही. जे जन्मालाच आले नाही त्याला नाव कसले आणि त्याचा शोक कसला, असे पुरोहित म्हणाले, आणि तो विषय तिथेच संपला.

तिसऱ्या खेपेला पाचवा महिना सरत आला होता. एका सकाळी मृगावतीने केस विंचरता विंचरता फणी खाली ठेवली.

"महाराज," ती म्हणाली, "पुन्हा रक्त."

त्याच क्षणी तळघरातून पाळण्याच्या कड्यांचा किणकिणाट वर आला.

भागाई सुईण धावत आली. निम्म्या नगरीचा जन्म तिच्या हातावर झाला होता. तिने राणीच्या पोटाला कान लावला, बराच वेळ ऐकले आणि पलंगाच्या पायथ्याच्या खुरांखाली विटा लावायला सांगितल्या.

"जीव आहे आत," ती म्हणाली. "पण निघायची घाई झाली आहे त्याला."

राजा तलवार घेऊन तळघरात उतरला. पाळण्यावर त्याने घाव घातला तेव्हा तलवार मेणासारखी वाकली. दुसरी आणली, तीही वाकली. तिसरीला हात घालणार तोच वरच्या झरोक्यात एक धनेश पक्षी येऊन बसला. त्याची चोच त्याच्या अंगाहून जड दिसत होती.

"राजा," धनेश म्हणाला, "हा पाळणा तुझ्या वडिलांनी अंजनवनातल्या तिमिरा जादूगारणीकडून हिरावून आणला. तू तेव्हा रांगत होतास आणि ती गरोदर होती. तिने शाप दिला की, या घरात पाळणा राहील, पण कोणतेही मूल आईच्या पोटात आपले दिवस पुरे करणार नाही."

"शाप कसा सुटेल?"

"तीन कामे आहेत."

"सांग. सात समुद्र ओलांडीन."

"पहिल्या कामात उंबरठादेखील ओलांडायचा नाही," धनेश म्हणाला. "आमची मादी झाडाच्या ढोलीत बसते आणि तोंड लिंपून घेते. चोच जाईल एवढीच फट राहते. पिले मोठी होईस्तोवर नर तिला त्या फटीतून भरवतो. तू तसाच राहा. राणीचा पाय भुईला लागू नये. तिचा घास आणि तिचे पाणी तुझ्याच हातून जावे."

अरिंजयाला युद्ध येत होते, न्याय येत होता. पेज करता येत नव्हती. पहिल्या दिवशी त्याने ती करपवली. मृगावतीने तोंड वाकडे केले, पण खाल्ली. मग तो शिकला. तिला कुशीवर वळवणे शिकला, तिच्या केसांतला गुंता न ओढता सोडवणे शिकला. बाळ सकाळपासून हलले नाही असे म्हणून ती पांढरी पडे, तेव्हा तिच्या पोटावर गाल टेकून तो निश्चल बसे. आतून एक लहानशी ढुशी येई, आणि दोघांचा श्वास एकदम सुटे.

एकदा मंत्री दाराबाहेरून म्हणाला, "महाराज, सीमेवर शत्रूचे सैन्य आले आहे."

"सेनापतीस पाठवा," राजा म्हणाला. "मी पेज ढवळतो आहे."

असे दोन महिने गेले. दर दिवशी पाळणा खाली झुलत राहिला आणि दर दिवशी बाळ आत राहिले. मग राणीचे पाय सुजले, हात सुजले, डोके ठणकू लागले. एका दुपारी समोर बसलेला राजा तिला दिसेना.

भागाईने राजाला बाजूला घेतले. "आता बाळ आत राहिले तर आई जाईल. बाहेर आले तर बाळाचे मी काही सांगू शकत नाही."

राजाने राणीकडे पाहिले. तिने ऐकले होते.

"येऊ दे," मृगावती म्हणाली. "जेवढे दिवस मला देता आले तेवढे दिले."

दुसऱ्या दिवशी भर मध्यान्ही मुलगी जन्मली. ती रडली नाही. भागाईने तिला राजाच्या ओंजळीत ठेवले, आणि ओंजळ भरली नाही. त्वचा इतकी पातळ होती की आत काळीज निरांजनासारखे लुकलुकताना दिसत होते. पापण्या मिटलेल्या, खांद्यांवर रेशमासारखी लव. बोटे मोजावी म्हणून राजाने पाहिले तर दहाही होती, आणि प्रत्येकावर नख होते. पृथ्वीवरची अनेक आश्चर्ये त्याने पाहिली होती. बोलणारे पर्वत पाहिले होते, पाण्यावर चालणारी नगरे पाहिली होती. तरी त्या नखांपुढे त्याचे गुडघे आपोआप टेकले गेले.

धनेश खिडकीत आला. "दुसरे काम. हिला अंथरूण नको, कापड नको. उघड्या छातीवर ठेव. तुझा श्वास ऐकून ती आपला श्वास शिकेल. माणसाच्या अंगावेगळी झाली, तर गेली."

राणी तापाने फणफणली होती, म्हणून पहिले नऊ दिवस राजाने मुलगी छातीवर धरली. तिचा श्वास मध्येच थांबे. खाली पाळणा जोराने उसळे. राजा तिच्या पाठीवर बोट फिरवी, आणि सबंध राजवाडा थांबल्यासारखा होई. मग ती फडफडलेले पाखरू स्थिरावे तशी हलके श्वास घेई. राणीचे दूध कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब तिच्या ओठांवर सोडत. एका वेळेला चार थेंब. पाचवा बाहेर ओघळे.

दहाव्या दिवशी ताप उतरला. मुलगी आईच्या छातीवर गेली, आणि मृगावती तिच्या माथ्यावर हात ठेवून पहिल्यांदा रडली.

"आता तिसरे काम," धनेश म्हणाला. "पाळणा पाठीवर घे. एकटा, अनवाणी, शस्त्रावाचून अंजनवनात जा आणि तिमिरेच्या हाती दे."

"आत्ता? हिचा श्वास अजून थांबतो."

"आत्ताच."

राजाने राणीकडे पाहिले.

"जा," ती म्हणाली. "हिच्याजवळ मी आहे."

अंजनवनात झाडांची पाने काळी होती आणि वाट चालणाऱ्याच्या मागे मिटत जाई. पाळणा पावलागणिक जड झाला. राजाच्या खांद्यांची सालटी निघाली. प्रत्येक पावलाला त्याच्या मनात येई की आत्ता तिचा श्वास थांबला असेल, आत्ता. तिसऱ्या दिवशी वनाच्या मधोमध एका लहानशा मातीच्या उंचवट्याशी बसलेली तिमिरा त्याला दिसली. पाळणा हिरावला त्याला तीस वर्षे झाली होती, तरी शापामुळे ती त्या दिवसाएवढीच तरुण होती.

"ठेव आणि चालता हो," तिमिरा म्हणाली. "सोने परत आले. त्याने शाप सुटत नसतो."

राजाने पाळणा ठेवला. धनेशाने याहून अधिक काही सांगितले नव्हते. तो मातीच्या त्या उंचवट्याकडे पाहत राहिला. वीतभर लांबीचा होता.

"याचे नाव काय होते?" त्याने विचारले.

तिमिरेने मान वर केली. तीस वर्षांत हे कोणी विचारले नव्हते.

"इंदुल," ती म्हणाली. "धावपळीत सातव्याच महिन्यात झाला. ठेवायला काही नव्हते, पानांवर ठेवला. तीन दिवस जगला."

"दिसायला कसा होता?"

"खांद्यांवर लव होती. मऊ."

"माझ्या मुलीच्याही आहे," राजा म्हणाला. "ती लव किती दिवसांनी जाते, मला ठाऊक नाही."

"मलाही नाही," तिमिरा म्हणाली. "तेवढे दिवस मला मिळाले नाहीत."

अरिंजय जमिनीवर बसला. "माझ्या वडिलांनी हे केले. मी त्या घरात वाढलो आणि कधी विचारले नाही. इंदुलाची क्षमा मागतो."

तिमिरा रडू लागली. तिच्या रडण्याबरोबर पाळण्यातली माणके एकेक करून पाण्याचे थेंब झाली आणि मातीत जिरली. सोने विरघळले. तिच्या केसांत एकदम तीस वर्षांची पांढरी छटा उतरली.

"जा, राजा," ती म्हणाली. "तुझी मुलगी उरलेले दिवस बाहेर पुरे करील. तुझ्या घरावर आता माझे काही नाही."

वनाची वाट उघडी होती. अरिंजय धावत सुटला. नगराच्या वेशीशी आला तेव्हा त्याला एक रडणे ऐकू आले. बारीक, चिडके आणि अखंड. वेशीवरचे पहारेकरी हसत होते. भागाई राजवाड्याच्या दारातच उभी होती. "दोन दिवस झाले," ती म्हणाली, "गप्प बसत नाही."

बारशाच्या दिवशी मृगावतीने अडीच महिन्यांनी भुईवर पाय ठेवला. पाय लटपटले, राजाने खांदा दिला. सभा एका नावासाठी कान देऊन होती. राणीने आधी किसलय हे नाव घेतले, मग मुकुल, आणि मग कुशीतल्या मुलीचे, धृती.

"पहिली दोन कोणाची?" पुरोहिताने विचारले.

"हिच्या थोरल्या भावंडांची," राणी म्हणाली. पुरोहिताने मान खाली घातली आणि तिन्ही नावे पत्रिकेत लिहिली.

धृती सावकाश वाढली. उशिरा बसली, उशिरा चालली. वर्षभर अरिंजय दरबार चालू असताना मध्येच उठे, आत जाऊन तिचा श्वास पाही आणि परत येऊन सिंहासनावर बसे. फिर्यादी थांबून राहत. मग एका दिवशी दोन गावांच्या पाण्याचा तंटा चालला होता. राजा त्यात रमला, प्रश्नामागून प्रश्न विचारत गेला, आणि संध्याकाळी दरबार उठला तेव्हा मंत्र्याच्या ध्यानात आले की आज महाराज एकदाही आत गेले नाहीत.