राणीची विसरलेली बोली

फार फार वर्षांपूर्वी, राजे जेव्हा लढाया सोयरिकीने मिटवत, तेव्हाची ही गोष्ट. समुद्राकाठच्या एका बलाढ्य सम्राटाने डोंगरातल्या टोळीच्या नायकाची मुलगी राणी करून आणली. त्या बदल्यात टोळीने तलवारी म्यान केल्या.

त्या साम्राज्याची एक रीत होती. परदेशची नवरी वेशीवर आली, की तिथेच तिचे कपडे जाळायचे, नाव बदलायचं, आणि माहेरची बोली कायमची बंद करायची. नवरी वयाने कोवळी. नांदायचं तर त्यांचं व्हावं लागतं, असं आईने बजावलेलं. ती मुकाट्याने त्यांची झाली.

पुढे मुलगा झाला. एकदा त्याला निजवताना तिच्या तोंडून माहेरची अंगाई निघाली. राजमाता कडाडल्या, "सूनबाई, युवराजांच्या कानावर ही रानटी बोली घालू नका! पुन्हा ऐकली, तर पोर तुमच्याजवळ राहणार नाही."

पोरासाठी राणीने ओठ शिवून घेतले. इतकं करूनही दरबार तिला पाठीमागे 'डोंगरी'च म्हणायचा. घ्या, सोवळं पाळूनही बाटलेलीच!

वर्षं लोटली. राणीचे वडील वारले, भाऊ नायक झाला. बहिणीचा छळ होतो, असं कुणीतरी त्याच्या कानी घातलं. तो फौज घेऊन तटाखाली येऊन उभा ठाकला.

"माझ्या बहिणीला तटावर आणा," तो गरजला. "आमच्या बोलीत 'मी सुखात आहे' एवढं ती म्हणाली, की आम्ही माघारी जातो."

सम्राटाची पाचावर धारण बसली. राजमाता हात जोडत सुनेकडे धावल्या. "बोला सूनबाई, तुमच्या बोलीत बोला! लेकरासाठी तरी बोला!"

राणी तटावर गेली. तिने तोंड उघडलं, पण माहेरचा एक शब्द आठवेना. जिवाच्या आकांताने ओरडली ती दरबारी भाषेत, "दादा, मीच आहे रे!"

भावाने वर पाहिलं. रेशमी वस्त्रं, रंगवलेला चेहरा, परका बोल. "माझ्या बहिणीला मारून ही कुणाला नटवून उभी केलीत?" तो म्हणाला, आणि त्याने तलवार उपसली.

दिवस मावळायच्या आत नगर पेटलं. जळत्या महालात राणी मुलाला छातीशी धरून बसली, आणि आता ती अंगाई आपोआप ओठांवर आली, शब्द न् शब्द. भावाने ती धुरातून ऐकली. वेशीवर पुसलेलं तिचं नाव घेत तो धावत सुटला. तो पोचला तेव्हा गाणं थांबलं होतं.

तात्पर्य: ज्याने मूळ उपटलं, त्याने सावली मागू नये.