चालत घरी आलेली ठमी

गावोगावी तांब्यापितळेची भांडी अजून हातोडीच्या ठोक्यांनी घडत होती, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराखालच्या एका गावात एक तांबट आणि त्याची तांबटीण राहत होती. घरात मूलबाळ नव्हतं. होती ती एक कबुतरी. तिचं नाव ठमी.

ठमी त्यांच्याकडे आली तेव्हा तिच्या अंगावर धड पिसंही नव्हती. वाऱ्याने वळचणीचं घरटं खाली पडलं आणि हा एवढासा गोळा अंगणात चोच उघडून बसला. तांबटाने तिला उचलून एका पोचा आलेल्या तपेल्यात चिंध्यांवर ठेवलं. तांबटीण भिजवलेली डाळ बोटाच्या टोकाने तिला भरवायची. तपेलं तांबटाच्या शेजारीच असल्यामुळे ठमीच्या कानाशी दिवसभर ठक ठक ठक चालायचं. दुसरं एखादं पाखरू त्या आवाजाला कंटाळून गाव सोडून गेलं असतं. ठमीला मात्र त्याच्याशिवाय झोप यायची नाही. ठोके थांबले की ती तपेल्यातून मान वर काढून बघायची, का हो थांबलात, असं विचारल्यासारखी.

पंख फुटल्यावर ती घरभर हिंडू लागली. चुलीपाशी ऊब घ्यायची, तांदूळ निवडताना सुपात मध्येच चोच घालायची, रागावलं की छपरावर जाऊन रुसून बसायची. तांबट जेवायला बसला की ती तुरुतुरु यायची आणि त्याच्या पायाच्या अंगठ्यावर बसायची. पानातली पहिली चार शितं तिची. "काय तांबट, पाखरू पाळलंय वाटतं?" असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "पाखरू कसलं? लेक आहे ती माझी." आणि हे तो अगदी मनापासून म्हणायचा, हे इथेच सांगून ठेवलेलं बरं.

आता त्या गावाला कबुतरांच्या शर्यतीचं भारी वेड. दसरा झाला की घरोघरची पाखरं टोपल्यांत घालून बैलगाडीने लांबच्या गडावर न्यायची आणि एकदम सोडायची. प्रत्येकाच्या पायात तांब्याचं बारीक कडं असे. पाखरू घरी उतरलं की मालकाने ते कडं काढायचं, धावत चावडीवर न्यायचं आणि तिथे ठेवलेल्या घंगाळात टाकायचं. ठण्ण आवाज झाला की पाटील पुकारा करायचे, "अमक्याचं पाखरू घरी आलं हो!" पहिल्याला मानाचा फेटा मिळायचा. पण पुकारा मात्र सगळ्यांचाच व्हायचा, अगदी रडतखडत शेवटी पोचलेल्याचासुद्धा. घरी आलं ते आलंच, असं जुनी माणसं म्हणायची.

ही कडी आपला तांबटच घडवायचा. प्रत्येक कड्याच्या आतल्या अंगाला त्या त्या घराची खूण असे. ती कडं काढल्याशिवाय दिसायची नाही, आणि दुसऱ्याच्या पाखराचं कडं काढायचं नाही, हा गावचा रिवाज होता.

एका वर्षी लोकांनी आग्रह केला म्हणून तांबटाने ठमीलाही पाठवलं. त्या दिवशी तो आपला नेहमीसारखा अंगणात बसून घागर ठोकत होता. बाकीची कबुतरं गावावर येऊन घिरट्या घालत राहिली, कौलांच्या त्या गर्दीत आपलं घर शोधत. ठमीला शोधायचं काय होतं? ठक ठक ऐकू आलं आणि ती सरळ तांबटाच्या मांडीवर उतरली. ती पहिली आली होती.

तांबटाला मानाचा फेटा मिळाला आणि त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दोन दिवस फेटा बांधून मिरवला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. पण हा फेटा बांधून भाजी आणायला जायचा. फेटा बांधून विहिरीवर जायचा. चावडीवर बड्या मंडळींच्या शेजारी त्याला जागा मिळू लागली, तशी घरातली ठक ठक कमी झाली. पूर्वी तो 'माझी ठमी' म्हणायचा, आता 'मानाची ठमी' म्हणू लागला. ठमीला या दोन्हींतला फरक कळत नव्हता. ती तशीच येऊन अंगठ्यावर बसायची.

वर्ष फिरून दसरा आला. त्या सुमारास ठमीने त्याच तपेल्यात पिल्लं काढली होती. देवळाच्या शिखरावरचा एक साधा पारवा तिचा जोडीदार झाला होता. दोघं आळीपाळीने पिल्लांना ऊब देत, भरवत. शिवाय ठमीच्या उजव्या पंखातली लांब पिसं नुकतीच झडली होती आणि नवी अजून पुरती आली नव्हती.

तांबटीण म्हणाली, "अहो, यंदा नको हं. पंख बघा तिचा. आणि पिल्लांनी अजून डोळेसुद्धा उघडले नाहीत."

तांबटाला पंख दिसत होता. पाखराचं सगळं कळणाऱ्या माणसाला तो न दिसून कसं चालेल? पण चावडीवरचा एक जुना कबुतरबाज त्याला कालच म्हणाला होता, "पिल्लं असतानाच उडव तिला. आईच्या जिवाला घोर लागला की ती वाऱ्याच्या पुढे धावते. आम्ही तर मुद्दाम तेव्हाच सोडतो." ते तांबटाच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. मनातून त्याला ते ओंगळ वाटलं होतं, तरीही बसलं होतं.

"पिल्लं आहेत म्हणूनच लवकर येईल," तो म्हणाला.

"लेक म्हणता ना तिला?" एवढंच तांबटीण म्हणाली आणि आत निघून गेली.

तांबटाने ठमीला तपेल्यातून उचललं. ती त्याच्या हातात मुकाट्याने बसली. हात ओळखीचा होता, मग घाबरायचं कशाला? त्याने तिच्या पायात कडं चढवलं आणि टोपलीचं झाकण लावलं.

शर्यतीच्या दिवशी तांबट अंगणात बसलाच नाही. फेटा बांधून तो सकाळीच चावडीवर जाऊन बसला. ठमी उतरली की कडं घेऊन ये, असं त्याने बायकोला बजावलं होतं. मानकऱ्याने घामाघूम होऊन धावत यायचं म्हणजे कसंसंच दिसतं, असं त्याला वाटू लागलं होतं.

दुपार कलायच्या आत पहिलं कडं घंगाळात पडलं. "सुताराचं पाखरू घरी आलं हो!" पाटलांनी पुकारा केला. मग तेल्याचं आलं, गुरवाचं आलं. प्रत्येक ठण्ण आवाजासरशी तांबटाचा चेहरा उतरत गेला. मधूनमधून त्याच्या घराकडून हातोडीचे ठोके ऐकू येत होते, वेडेवाकडे, मध्येच अडखळणारे.

"तुमच्या घरी कोण ठोकतंय हो?" कुणीतरी हसून विचारलं. "भांडं घडवताहेत की फोडताहेत?"

तांबट ओशाळून हसला. बायकोला काय अवदसा आठवली, असं त्याच्या मनात आलं. जवळजवळ सगळी कडी आली. "मानाची ठमी वाट चुकली वाटतं!" जुन्या कबुतरबाजाने टोमणा मारला. "की पिल्लांचा कंटाळा आला तिला?" सगळे खो खो हसले. तांबटाला तो फेटा डोक्यावर धोंड्यासारखा वाटू लागला.

ऊन उतरलं तेव्हा वेशीकडून गलका ऐकू आला. रस्त्याने काहीतरी चालत येत होतं आणि लोक बाजूला सरून हसत होते. ते एक कबुतर होतं. धुळीने असं माखलेलं की मूळचा रंग कुठला ते कळू नये. एक पंख जमिनीवर फरफटत होता. ससाण्याने झडप घातली असावी. चार पावलं टाकायचं, थांबायचं, मान वाकडी करून काहीतरी ऐकायचं आणि पुन्हा चालायला लागायचं.

"अरे, शर्यतीचं कबुतर चालत आलंय!" लोक ओरडले. "बैलगाडी तरी करायची होती म्हणावं!"

तांबटाने तिला पहिल्या पावलालाच ओळखलं. असं तुरुतुरु चालणं गावात दुसऱ्या कुणाचं होतं? उठावं, धावावं, उचलून छातीशी धरावं असं वाटलं. पण सगळी चावडी हसत होती, आणि हसणाऱ्यांच्या मधोमध तो फेटा बांधून बसला होता.

ठमी चावडीसमोर आली. तिने त्याला पाहिलं. ती वळली, पायरी कशीबशी चढली आणि सवयीने त्याच्या पायाच्या अंगठ्यावर येऊन बसली.

हसणं थांबलं. सगळे तांबटाकडे बघू लागले. पाटलांनी वाकून कबुतराच्या पायाकडे पाहिलं. "तांबट, हे तुझं का रे? कडं तर तुझ्याच घडणीचं दिसतंय."

"गावातलं प्रत्येक कडं माझ्याच घडणीचं आहे, पाटील," तांबट म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला परका वाटला. "हे माझं नव्हे. माझी ठमी उडते."

असं म्हणून त्याने पाय आखडता घेतला.

ठमी खाली घसरली. फरफटणारा पंख सावरत उभी राहिली. क्षणभर तिने त्याच्याकडे पाहिलं, रागाने नव्हे, काही समजलं नाही तर आपण बघतो तसं. लांबून पुन्हा ते वेडेवाकडे ठोके आले. ठमी पायरी उतरली आणि आवाजाच्या दिशेने चालू लागली.

"असेल कुणा परगावच्याचं," पाटील म्हणाले. लोकांनी मान डोलावली. तांबटाचं बोलणं सगळ्यांना पटलं, आणि हीच त्याला सर्वांत मोठी शिक्षा झाली. कुणी खोटं पकडलं असतं तर बरं, असं त्याला वाटू लागलं. ऊन पार गेल्यावर तो उठून घरी निघाला.

अंगणात तांबटीण त्याच्या जागेवर बसली होती. हातात हातोडी, पुढ्यात पार चेपलेली घागर. तिच्या तळव्याला फोड आले होते. तिने हसून ओठांवर बोट ठेवलं आणि तपेल्याकडे दाखवलं.

ठमी पिल्लांवर वाकली होती. पंख तसाच लोंबत होता. पिल्लं तिच्या चोचीत चोच घालून खात होती आणि ती डोळे मिटून उभी होती. रस्त्यात ती काही खाऊ शकली असेल नसेल, पण पिल्लांसाठी तिच्या गळ्यात दुधासारखा चारा होता.

"चालत आली हो," तांबटीण हलकेच म्हणाली. "तुम्ही नव्हता, म्हणून मीच आपली ठोकत बसले. ठोके नसले तर तिला घर कसं सापडायचं? मला काही तुमच्यासारखं जमत नाही, पण ओळखलंन बाई." मग तिला काहीतरी आठवलं. "वेशीकडून आली म्हणजे चावडीवरूनच आली असणार. तुम्हाला दिसली नाही का हो? कुणी उचलूनसुद्धा घेतलं नाही तिला?"

तो मटकन खाली बसला. ज्या ठोक्यांना तो चावडीवर बसून लाजला होता, ते हे ठोके होते. त्याने मान खाली घातली ती वर करवेना.

एवढ्यात पिल्लांचं खाणं झालं. ठमी तपेल्यातून धडपडत उतरली, तुरुतुरु आली आणि त्याच्या अंगठ्यावर बसली. तिने चोच मारली असती, लांब गेली असती, तर त्याला सोसलं असतं. ती नेहमीसारखी आली, हे त्याला सोसेना. तो लहान मुलासारखा रडला.

पंख बांधताना त्याने तिच्या पायातलं कडं काढलं. आतल्या अंगाला त्याच्या घराची खूण होती, एक इवलीशी हातोडी. ती त्याने स्वतःच कोरलेली होती.

दुसऱ्या दिवशी गावचा बाजार होता. चावडीपुढे झाडून सगळा गाव जमला होता. तांबट बोडक्या डोक्याने आला. एका हातात घडी घातलेला फेटा, दुसरी मूठ घट्ट मिटलेली. घंगाळ अजून तिथेच होतं. त्याने मूठ उघडली आणि कडं आत टाकलं. ठण्ण आवाज झाला आणि बाजारातले लोक वळून बघू लागले.

"हे कुणाचं आता?" पाटलांनी विचारलं.

"माझ्या ठमीचं," तांबट म्हणाला. "काल ती चालत आली. इथे माझ्या पायावर येऊन बसली, आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, माझी नव्हे. ती माझीच होती. पंख धड नसताना मीच तिला पाठवलं होतं." त्याने फेटा पाटलांपुढे ठेवला.

कुणी त्याला शाबासकी दिली नाही. मागे कुणीतरी फिसकन हसलंही. पाटलांनी फेटा परत घेतला, कडं उचलून आतली हातोडी पाहिली. मग ते उठून उभे राहिले आणि त्यांनी बाजारभर ऐकू जाईल असा पुकारा केला, "तांबटाचं पाखरू घरी आलं हो!"

ठमी पुन्हा कधी उडाली नाही. पिल्लं मोठी झाली, उडून गेली. तांबट रोज पहाटेपासून अंगणात ठोकत बसू लागला आणि चावडीवर जायचं त्याने सोडलं. दुपारी जेवायला बसला की ठमी यायची आणि अंगठ्यावर बसायची. पानातली पहिली चार शितं तिला देताना तांबटाची नजर दर वेळी खाली जायची. तो मरेपर्यंत ती तशीच जात राहिली.

तात्पर्य: आपलं घर शोधत जो जीव फरफटत का होईना आपल्या दारी येतो, त्याला चारचौघांत 'माझा' म्हणायला लाजू नये; ती लाज घटकाभराची असते, आणि 'माझा नव्हे' म्हटल्याची लाज जन्मभर पुरते.