हत्यारांची गाडी आणि महाराजांची शिंक

"या गाडीतलं प्रत्येक हत्यार सगळ्यात वर असलं पाहिजे," असं फर्मान तांबडगडच्या गजेंद्रराव महाराजांनी सोडलं आणि म्हाळू सुताराने कपाळाला हात लावला. एक हत्यार वर ठेवता येतं. फार तर दोन. सगळीच्या सगळी वर ठेवायची कशी, बाबांनो? पण महाराजांना हे विचारणार कोण? त्यापेक्षा वाघाच्या मिश्या ओढलेल्या बऱ्या.

फर्मानाला कारणही तसंच घडलं होतं. आदल्या दिवशी सवारी ओढ्यातून जाताना रथाच्या चाकाची खीळ निसटली आणि रथ चिखलात बसला. मागून म्हाळूची दुरुस्तीची बैलगाडी येतच होती. महाराज म्हणाले, हातोडा आण. म्हाळूने गाडीतल्या ढिगात हात घातला, तर वर आली करवत. करवतीखाली लाकूड तासायचा वाकस, वाकसाखाली रंधा, रंध्याखाली परवाची भाकरी, आणि भाकरीखाली शेजारणीची हरवलेली कोंबडी, चांगली अंड्यांवर बसलेली! हातोडा सापडेपर्यंत महाराज गुडघाभर चिखलात ताटकळले. एक बेडूक त्यांच्या खांद्यावर चढून बसला. राजाच्या अंगावरचा बेडूक हाकलावा की त्याला मुजरा करावा, हेच दरबाऱ्यांना उमजेना.

फर्मान ऐकून प्रधानजींनी लगेच अक्कल पाजळली. म्हणे, गाडी इतकी लांब करू की सगळी हत्यारं एका ओळीत निजतील. पण राज्य पडलं चिमुकलं. मोजून पाहिलं तर गाडीचं तोंड शेजारच्या राज्यात जात होतं, म्हणजे आपल्याच हातोड्यावर जकात भरा! महाराज भडकले. गाडी बोटभरही लांब होता कामा नये, कुठलंही हत्यार कशाच्याही खाली दबता कामा नये, आणि पोळ्याच्या दिवशी गाडी तयार पाहिजे, असं त्यांनी बजावलं. नाहीतर म्हाळूचे बैल सरकारी गोठ्यात जातील आणि गाडी म्हाळू ओढेल.

म्हाळू घरी आला तो थेट गोठ्यात. चांद्या आणि हौश्या, दोघांना त्याने वासरं असल्यापासून हाताने चारलं होतं. हौश्याच्या गळ्यात पडून तो लहान पोरासारखा रडला. ते पाहून त्याच्या मुलीचा, साळूचा, जीव तुटला. तिला महाराजांचा असा राग आला की चूल पेटवताना तिने फुंकणी जोरात आपटली.

रागारागाने ती भिंतीवरचा झारा घ्यायला वळली, तर खुंटीवर झारा नव्हता. पण धुराने काळ्या पडलेल्या भिंतीवर झाऱ्याचा पांढरा ठसा मात्र अगदी लख्ख दिसत होता. म्हणजे शेजारणीने नेलेला झारा अजून परत केला नव्हता. साळू त्या ठशाकडे बघत राहिली आणि एकदम हसली. भाजी करपली, पण बैल वाचले.

पोळ्याच्या सकाळी गाडी वाड्यापुढे उभी राहिली. लांबी तीच. आत मात्र उभ्या फळ्या ठोकलेल्या, फळ्यांवर खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीला एकेक हत्यार चामड्याच्या वादीने बांधलेलं. प्रत्येक हत्याराच्या मागे गेरूने त्याचाच आकार रेखलेला. महाराजांनी सगळ्यांना लांब उभं केलं आणि एकट्याने आत शिरून गाडी पाहिली. बराच वेळ पाहिली. मग अंगरखा सावरत घाईघाईने जाऊन वाड्यापुढे मांडलेल्या गादीवर बसले.

"वाकस करवतीच्या वर आहे," ते ओरडले. "म्हणजे करवत खाली आली!"

"महाराज माडीवर राहतात आणि आचारी तळमजल्यावर," साळू म्हणाली. "म्हणून आचाऱ्याला उठवायचं तर कुणी महाराजांना उचलतं का?"

दरबारी खोकले. महाराजांनाही हसू येत होतं, पण हटवादी माणूस हसणं गिळतो. त्यांनी तपकिरीची डबी उघडली. आपण नाव घेऊ ते हत्यार शिंक यायच्या आत हातात पडलं पाहिजे, नाहीतर बैल सरकारजमा, असं म्हणून त्यांनी नाकात चिमूट कोंबली.

"हातोडा!"

साळूने गाडीत पाहिलं. एका नजरेतच कळलं. सगळे आकार भरलेले, एकच रिकामा, आणि तो हातोड्याचा! सकाळी तर तिने स्वतः तिथे हातोडा बांधला होता. त्यानंतर गाडीत शिरलं होतं कोण? तिने महाराजांकडे पाहिलं. महाराजांचं नाक थरथरत होतं. आणि मऊमऊ गादीवर ते एका अंगाला कलून, कळवळून बसले होते.

म्हाळूने डोळे मिटून घेतले. साळू सरळ गादीपुढे जाऊन उभी राहिली.

"महाराज, गाडीतलं एकही हत्यार कशाच्या खाली दबलेलं नाही. अख्ख्या राज्यात एकच हत्यार खाली दबलंय, आणि ते महाराजांच्या खाली. जरा उठता का?"

महाराजांचं तोंड शिंकेसाठी वासलेलं, त्यामुळे त्यांना नाही म्हणता येईना. ते उठले. साळूने गादीवरचा हातोडा उचलला, महाराजांच्या हातात दिला, आणि मगच ती शिंक आली. अशी आली की प्रधानजींची पगडी उडून हौश्याच्या शिंगावर जाऊन बसली.

मग मात्र महाराज पोट धरधरून हसले. हसता हसता पुन्हा गादीवर बसले आणि दुखऱ्या जागेमुळे पुन्हा उठले. चांद्या-हौश्याला त्यांनी जरीच्या झुली घातल्या, पोळ्याच्या मिरवणुकीत पहिला मान दिला, आणि साळूला सोन्याच्या पाटल्या दिल्या. आणखी काय हवं ते माग, असंही म्हणाले.

साळूने गेरूची वाटी मागितली. तिने दरबाराच्या भिंतीवर, प्रधानजींच्या बैठकीमागे, पगडीसकट प्रधानजींचा आकार रेखला. त्या दिवसापासून दुपारी प्रधानजी झोपायला कधी सटकतात, ते महाराजांना बसल्या जागी दिसू लागलं.