झऱ्यावरची ताऱ्यांची रांग

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राजधानीची आज एक वीटही उरलेली नाही. डोंगराच्या कुशीत एक राज्य होतं आणि तिथे एक विचित्र रीत होती. बारशाच्या दिवशी राजज्योतिषी प्रत्येक बाळाला आकाशातला एक तारा नेमून देई. ज्याचा तारा जास्त तेजस्वी, त्याचा मान पुढचा. दरबारात बसायचं त्याच क्रमाने, आणि झऱ्यावर पाणी भरायचं तेही त्याच क्रमाने.

मोठ्या घरच्या बाळांना ठसठशीत तारे मिळत. गरिबाच्या लेकराला मिळे एखादी बारीक तांबूस चांदणी. ती दाखवायला ज्योतिष्याला दुर्बीण लागे.

येसूमाय सुईण अशाच एका चांदणीची धनीण होती. अर्धी राजधानी तिच्या हातांवर जन्मली होती, पण झऱ्यावर तिची घागर शेवटची. तिची पाळी येईतो तळाशी नुसता गाळ उरे. एका कडक उन्हाळ्यात ते गढूळ पाणी पोटात जाऊन तिची नात आजारी पडली. पोर तापाने फणफणली.

सकाळी येसूमाय तांब्या घेऊन रांगेच्या तोंडाशी गेली. तिथे सरदार रणधवल उभा होता. त्याचा तारा व्याध, रात्रीच्या आकाशात सगळ्यांत लखलखीत.

"सरदार, आज एवढा तांब्या आधी भरू द्या. पोर आजारी आहे हो."

"आज तुला दिलं, तर उद्या सगळेच पुढे घुसतील. मागे हो."

या सरदाराची नाळ तिनेच कापली होती. ती रिकामा तांब्या घेऊन तशीच राजवाड्यात गेली.

"महाराज," ती म्हणाली, "माझी चांदणी खरंच इतकी हलकी आहे का, ते एकदा नीट पाहायला सांगा."

राजा मनाने वाईट नव्हता. त्याने कधी विचारच केला नव्हता. त्याने ज्योतिष्याला बोलावलं.

"खरं सांगू, महाराज?" ज्योतिषी म्हणाला. "व्याध मोठा दिसतो, कारण तो आपल्या जवळ आहे. दारातली पणती लांबच्या वणव्याहून मोठी दिसते, तसं. आकाराने पाहाल, तर वृश्चिकातली तांबडी ज्येष्ठा व्याधाच्या शेकडो पट मोठी आहे."

"मग उद्यापासून रांग आकाराने लावा," राजा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सरदाराची म्हातारी आई, आऊसाहेब, सगळ्यांत पुढे आली. तिचा तारा ज्येष्ठा. येसूमाय होती तिथेच, मागे. पण ज्याचा तारा चित्रा, तो कारभारी चिडला. "ज्येष्ठा मोठी खरी, पण ती म्हातारी! फुगलेली आणि निवत आलेली. माझी चित्रा पाहा, निळसर, धगधगती!"

राजाने रांग धगीने लावली. कारभारी पुढे आला. तेव्हा दुसरं कुणी म्हणालं, "इतकी धगधगते, म्हणजे लवकर जळून जाईल की!"

राजा वैतागला. "मग शेवटपर्यंत टिकणार कोण?"

"त्या बारीक तांबूस चांदण्या, महाराज," ज्योतिषी म्हणाला. "त्या जपून जळतात. बाकीचे सारे विझले, तरी त्या तेवत राहतील."

"आणि माझा तारा, सूर्य?" राजाने विचारलं.

"मधला, महाराज. ना फार मोठा, ना फार लहान."

दरबाराने हसू कसंबसं दाबलं. राजाने मान खाली घातली, पण हुकूम दिला. उद्या रांग आयुष्याने.

त्या सकाळी येसूमाय सगळ्यांत पुढे होती. जन्मात पहिल्यांदा तिला झऱ्याचा तळ दिसला, इतकं पाणी नितळ होतं. पहिला तांब्या तिने सुनेबरोबर घरी धाडला. मग घागर भरली आणि वळून पाहिलं.

रांगेच्या टोकाला आऊसाहेब उन्हात उभी होती. ओठ सुकलेले, हातातली कळशी रिकामी. तिला आधार देत सरदार मान खाली घालून उभा होता.

"माय, आता त्यांना पिऊ दे गाळ!" मागून कुणीतरी ओरडलं. क्षणभर येसूमायला ते गोड वाटलं. मग ती घागर घेऊन रांगेच्या टोकाशी गेली आणि सगळं पाणी आऊसाहेबांच्या कळशीत ओतलं.

सरदाराने मान वर केली. "माय, मी तर तुला..."

"गाळ कसा लागतो ते मला ठाऊक आहे, बाबा. ते आणखी कुणाला ठाऊक व्हायला नको."

राजा हे सारं पाहत होता. त्याने तिथल्या तिथे रांग मोडली. आजारी, तान्ही आणि म्हातारी माणसं आधी. बाकीचे येतील तसे, असा नवा नियम झाला. झऱ्याभोवती गोल कट्टा बांधायला घेतला, तेव्हा पहिला दगड सरदाराने स्वतः वाहून आणला. येसूमायची नात चार दिवसांत खेळू लागली. बारशाला तारा अजूनही दिला जाई, पण तो फक्त बाळाला कडेवर घेऊन दाखवण्यापुरता.

मुलांनो, आणि मोठ्यांनो, माप बदललं की थोर-लहान बदलतं. तहान मात्र सगळ्यांची सारखीच असते.