हंसराजचा पाना

मोटारी हँडल मारून सुरू व्हायच्या, त्या जमान्यातला एक पाना विसूभाऊ पोंक्ष्यांच्या काचेच्या कपाटात मखमलीवर लोळत असे. जुन्या मोटार कंपन्यांची हत्यारं जमवायचा विसूभाऊंना भारी नाद. पान्याच्या पोटावर ‘हंसराज मोटार’ अशी अक्षरं होती आणि डोक्यात हवा गेली होती.

“नटबिट आवळणं तुमचं काम,” तो घरच्या पकडीला सुनवायचा. “मला लोक बघायला येतात!”

खंडेनवमीला विसूभाऊंनी पूजेसाठी कपाटातली आणि घरातली सगळी हत्यारं घासायला काढली. पान्याने मुद्दाम पोट पुढे केलं. “अजून घासा, अजून!” तो गुणगुणत राहिला. विसूभाऊंनीही पॉलिश पेपरने हौसेने घासलं. पाना आरशासारखा लखलखला आणि अक्षरं पार उडाली.

पूजा आटोपल्यावर एकाही पान्यावर हंसराजचं नाव सापडेना. विसूभाऊंनी वैतागून बिननावाचे सगळे पाने घरच्या हत्यारांच्या पेटीत टाकले.

दुसऱ्या दिवशी ते झोपाळ्याचा ढिला नट आवळता आवळता रडवेल्या आवाजात बायकोला सांगत होते, “अगं, माझा हंसराज चोरीला गेला!”

“अरे, तू तर त्यांच्या हातातच आहेस!” पकड म्हणाली. “ओरड ना!”

“थांब गं,” तोंडात नट धरूनच पाना पुटपुटला, “एवढा आवळून होऊ दे.”