खंड्याचा सूर

नदीला माणसांनी घाट बांधले नव्हते, तेव्हाची गोष्ट. जोडीदारणीला सापाने खाल्ल्यावर एका खंड्या पक्ष्यावर तीन पिल्लांचा भार आला. मासा निसटला, की तो फांदीवर खिन्न बसून राही. मिळाला, की ओरडत मिरवी. तेवढ्यात पुढचे मासे निघून जात.

एक पिल्लू उपासमारीने गेलं, तेव्हा काठावरचं म्हातारं कासव म्हणालं, “बाबा रे, सूर मारणं तुझं काम, मासा देणं नदीचं. रडताना आणि मिरवताना तुला पाणीच दिसत नाही.”

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून तो सूर मारत राहिला. दुपारी काठाच्या दरडीत कोरलेल्या घरट्याच्या बिळाच्या तोंडाशीच चोचीतला मोठा मासा निसटून पाण्यात पडला. आत दोन्ही पिल्लं ओरडत होती.

तो फांदीवर परतला आणि पुढच्या माशासाठी पाण्याकडे पाहू लागला.